आकडा आधी की माणूस?

एखाद्या मोठ्या फुटबॉल संघाला नवा व्यवस्थापक मिळणार अशी बातमी आली, की आमच्या ओळखीची तरुण मुले लगेच वही-पेन्सिल घेऊन बसतात. तीन-चार-तीन, चार-दोन-तीन-एक असे आकडे मांडतात आणि त्यांत एकेका खेळाडूचे नाव कोंबून पाहतात. नाव बसले नाही की म्हणतात, याला विका. वहीवर माणूस विकायला काय लागते! आम्हाला मात्र वाटते, की हा हिशेब भलत्याच टोकाकडून सुरू होतो. घरी अवेळी पाहुणे आले तर बाई आधी डबे उघडून बघते, मग काय शिजवायचे ते ठरवते.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गोलरक्षक सोडला तर दहा जण उरतात. चारचा बचाव म्हणजे मागे मध्यभागी दोघे आणि दोन्ही कडांना एकेक. तीनचा बचाव केला की मागे मध्यभागी तिघे राहतात आणि कडांचा सगळा भार 'विंगबॅक' म्हणवणाऱ्या दोघांवर पडतो. चढाई चालू असली की त्यांनी थेट समोरच्या गोलाजवळ असावे, आणि चेंडू गेला की धावत मागे यावे. शंभर मीटरची अख्खी कड एकट्याने सांभाळायची. तेव्हा नव्या साहेबांना तीन-चार-तीन आवडते असे कळले, की पहिला प्रश्न हाच: असे दोघे या संघात आहेत काय?

२०१६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या चेल्सी संघापुढे हाच प्रश्न होता. गतविजेता असूनही तो आदल्या हंगामात दहावा आला होता. नवे व्यवस्थापक अँतोनिओ कॉन्ते इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून आले, आणि तीनचा बचाव ही त्यांची ओळख होती. पण ही ओळख कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. २०११ मध्ये युव्हेंटसकडे आले तेव्हा त्यांच्या डोक्यात चारचाच बचाव होता. हाताशी पिर्लो, विदाल आणि मार्किसिओ हे तीन उत्तम मध्यरक्षक. तिघांनाही खेळवायचे म्हणून ते मांडणी बदलत गेले आणि तीनच्या बचावापाशी येऊन थांबले. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन विजेतेपदे त्यांनी मिळवली.

चेल्सीतही त्यांनी घाई केली नाही. चारच्या बचावाने सुरुवात केली, पहिले तीन सामने जिंकले. मग स्वान्सीशी बरोबरी झाली, लिव्हरपूलने हरवले आणि २४ सप्टेंबरला आर्सेनलने मध्यंतरापर्यंतच तीन गोल चढवले. त्या सामन्याच्या उत्तरार्धात कॉन्तेंनी मांडणी बदलली. १ ऑक्टोबरला हलविरुद्ध २-० असा विजय मिळाला आणि तेथून सलग तेरा विजय. त्यांपैकी पहिल्या सहा सामन्यांत समोरच्याला एकही गोल करता आला नाही. हंगामाच्या शेवटी ९३ गुण, ३८ पैकी ३० सामने जिंकलेले, आणि विजेतेपद.

उजव्या कडेचा विंगबॅक कोण होता? व्हिक्टर मोझेस. त्याच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. नायजेरियातील कडुना शहरात २००२ साली धार्मिक दंगलीत त्याचे आई-वडील मारले गेले. अकरा वर्षांचा हा मुलगा आश्रय मागत इंग्लंडमध्ये पोहोचला आणि दक्षिण लंडनमध्ये फुटबॉल शिकला. चेल्सीने त्याला २०१२ मध्ये विकत घेतले खरे, पण नंतरचे तीन हंगाम तो उसनवारीवर फिरत राहिला: लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम. मुलांच्या वहीत त्याचे नाव 'विकायचे' या रकान्यातच गेले असते. तो आघाडीचा विंगर. बचाव हे त्याचे कामच नव्हे. कॉन्तेंनी मात्र त्याचे पळणे पाहिले आणि संघात आजवर नसलेली जागा त्याला दिली. त्याने ती वर्षभर राखली. पुढे एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात पंचांना फसवू पाहिल्याबद्दल तो मैदानाबाहेर काढला गेला, तेही सांगितले पाहिजे.

कडेचा बचावपटू आझ्पिलिक्वेता आत सरकून तिघांतला एक झाला. डाव्या कडेसाठी अलोन्सो नवा आणला होता. उलट इव्हानोविचची जागा गेली, फाब्रेगास बाकावर बसला आणि जखमी होऊन बाहेर गेलेला कर्णधार जॉन टेरी पुन्हा नेहमीचा खेळाडू झाला नाही. मांडणी बदलते तेव्हा कुणाच्या तरी पोटावर पाय येतोच. त्या वर्षी चेल्सीला युरोपातील सामने नव्हते, त्यामुळे सरावाला पूर्ण आठवडा मिळत होता, हाही भाग मोठा.

आता दुसरे उदाहरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम मँचेस्टर युनायटेडकडे आले. स्पोर्टिंगला त्यांनी दोनदा पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि तीन-चार-तीन त्यांच्या अंगात मुरलेले. इथे डबे उघडले तर काय दिसते? डाव्या कडेचे शॉ आणि मलासिया दोघेही दुखापतीतून सावरणारे. मध्यभागी दोघांनीच सगळे सांभाळायचे, त्यांत कासेमिरो ३२ वर्षांचा. आणि रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी असे कडेने खेळणारे विंगर भरपूर. नव्या मांडणीत नेमकी त्यांचीच जागा उरली नाही.

अमोरिमांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इप्सविचविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी विंगर अमाद डियालोला उजवा विंगबॅक केले आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याच्या पासवर रॅशफर्डने गोल केला. ही मोझेसचीच युक्ती. पण तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. हंगाम अर्ध्यावर आलेला, सामन्यावर सामना, सरावाला दिवस नाहीत. डावा विंगबॅक डोर्गू फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळाला. युनायटेड ४२ गुणांवर पंधरावा आला आणि युरोपा लीगचा अंतिम सामनाही हरला.

इथवर आम्ही त्यांना सवलत देऊ. पण २०२५ च्या उन्हाळ्यात तयारीला पुरेसा वेळ मिळाला, म्बेउमो, कुन्या, शेश्को असे महागडे आघाडीपटू आले, तरी मांडणी जवळपास तीच राहिली. प्रत्यक्ष पोपने सांगितले तरी मी बदलणार नाही, अशा अर्थाचे ते त्या सप्टेंबरात बोलले. जानेवारी २०२६ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. त्या वेळी रॅशफर्ड उसनवारीवर बार्सिलोनात होता, अँटनी बेतिसकडे आणि गार्नाचो चेल्सीत.