तेल लावलेला चोर

गेल्या रविवारी वस्तीत फिरताना आम्हाला एका मातेने अडवले. "भाऊ, न्यूमोनियाच्या दोन सुया झाल्या. बाळ ठणठणीत आहे. मग नवव्या महिन्यात तिसरी कशाला?" घाईत आम्ही "घ्यावीच लागते" म्हणून पुढे निघालो. ते काही उत्तर नव्हते. आज उत्तर देतो.

न्यूमोनिया करणारा एक प्रमुख जंतू म्हणजे न्यूमोकोकस. त्याच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचे बुळबुळीत कवच असते. १९२८ साली ब्रिटिश डॉक्टर फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी कवच असलेले जंतू उंदरांना टोचल्याची नोंद केली. ते उंदीर मेले. कवच नसलेले टोचले, ते जगले.

असे का? अंगाला तेल लावून आलेला चोर धरायला गेले की हातातून निसटतो. कवचाचे कामही तेच. पांढऱ्या पेशी जंतूला गिळायला धावतात, पण त्यांची पकडच बसत नाही.

मात्र तेल लावलेल्या चोराला भिंत चढता येत नाही. श्वासमार्गाच्या पेशींना चिकटून आत शिरायचे, तर जाड कवच आड येते. म्हणून पेशीजवळ येताच जंतू कवच पातळ करतो, पेशीला घट्ट धरतो आणि आत घुसतो. रक्तात मात्र पुन्हा जाड कवचवालेच तगतात.

लस या कवचावरच बेतलेली आहे. नुसती साखर तान्ह्या बाळाचे शरीर नीट ओळखत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडून टोचतात. मग शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती कवचाला चिकटली की पांढऱ्या पेशींची पकड बसते. बुळबुळीत मासा धरताना हाताला राख लावतात ना, तसेच हे.

पहिले दोन डोस ६ व्या आणि १४ व्या आठवड्यात. नवव्या महिन्याचा तिसरा डोस ही ओळख पक्की करतो. तो चुकला तर राखण सैल पडते. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते.

कवचाचे शंभरावर प्रकार आहेत. लशीत त्यांतले निवडकच. म्हणून लस घेतलेल्या मुलाचाही श्वास भरभर चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

येत्या रविवारी आम्ही त्या मातेकडे बाळाचे कार्ड पाहायला जाणार आहोत. आपणही आपल्या गल्लीतली कार्डे पाहाल ना?