तीन कॉर्डांचं सोवळं

पंक हे सच्च्या माणसांचं संगीत आणि हेवी मेटल हे दिखाऊंचं, असं ठासून सांगणारा कुणी ना कुणी दर दोन-चार वर्षांनी उगवतो. यंदाच्या आक्षेपकांचा युक्तिवाद थोडक्यात असा. 1970च्या दशकात रॉक संगीत सुस्त, श्रीमंत आणि पोकळ झालं होतं. न संपणारे गिटार सोलो, कमरेपर्यंत केस, सैतान, तलवारी, धुराचे लोट. मग 1976-77 साली न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या काही फाटक्या पोरांनी तीन कॉर्ड वाजवल्या आणि हा डोलारा कोसळला. या पोरांची रेकॉर्डिंगं कच्ची होती, मोठ्या कंपन्यांशी त्यांचं वाकडं होतं, आणि ती राजकारणावर बोलत होती. मेटलमध्ये यातलं काहीच नव्हतं. सबब शहाण्या श्रोत्याने मेटल अठराव्या वर्षी सोडावं आणि पंक जन्मभर ऐकावं.

आक्षेपकांनी हे जरा बऱ्या शब्दांत मांडलं आहे, पण सार एवढंच. मेटलच्या हाताचं पाणी पंकला चालत नाही, हे त्यातलं सोवळं.

किरकोळ मुद्दे आधी उरकावेत. पंकने मेटल गाडलं म्हणतात. गाडलेल्या मेटलने 1980 या एकाच वर्षी जुडास प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’, मोटरहेडचा ‘एस ऑफ स्पेड्स’, ब्लॅक सॅबथचा ‘हेवन अँड हेल’ आणि आयर्न मेडनचा पहिला अल्बम दिला. मयताची तब्येत इतकी ठणठणीत क्वचितच असते.

मेटल राजकारणापासून पळतं म्हणतात. सॅबथचं ‘वॉर पिग्ज’ 1970चं, व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असतानाचं, आणि युद्ध पुकारणाऱ्यांना थेट चेटक्यांच्या रांगेत बसवणारं. पंकचा आद्य अल्बम म्हणून ज्याला सगळे हात जोडतात त्या रामोन्सच्या 1976च्या अल्बममध्ये गोंद हुंगण्यावर गाणं आहे. रामोन्सचा गिटारवादक जॉनी रामोन कट्टर रिपब्लिकन होता. 2002 साली बँडचा मोठा सन्मान झाला, तेव्हा व्यासपीठावरून त्याने अध्यक्ष बुश यांच्यासाठी देवाचा आशीर्वाद मागितला. आक्षेपकांच्या लेखात हा प्रसंग शोधूनही सापडत नाही.

आता मुख्य मुद्दा, कच्चेपणाचा आणि पैशाचा. इथे जरा बैठक मारावी लागेल, कारण आक्षेपकांची सगळी इमारत याच खांबावर उभी आहे.

1969च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतली चार पोरं लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरली आणि एका दिवसात अख्खा अल्बम वाजवून बाहेर पडली. मंचावर वाजवायचे तसंच वाजवलं. वरून चढवलं ते काही ठिकाणी दुसरी गिटार, आणि सुरुवातीचा पाऊस, ढगांचा गडगडाट, चर्चची घंटा. मिक्सिंग दुसऱ्या दिवशी. हा ‘ब्लॅक सॅबथ’ 13 फेब्रुवारी 1970 रोजी बाजारात आला, वार अर्थातच शुक्रवार. समीक्षकांनी तो झोडपला आणि लोकांनी विकत घेतला. हेवी मेटलचा पहिला अल्बम म्हणून बहुतेक जाणकार याच्याकडे बोट दाखवतात, आणि तो एका दिवसाच्या भाड्यात झालेला आहे.

आता सेक्स पिस्टल्सचा ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ पाहू. 1977 साल, लंडनचा वेसेक्स स्टुडिओ. याच वेसेक्समध्ये 1969 साली किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम झाला होता, म्हणजे ज्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा खातमा करायला पंक जन्मलं असं सांगतात, त्याच्याच घरी. काम काही दिवसांत आटोपलं नाही, अधूनमधून काही महिने चाललं. स्टीव्ह जोन्सने एकच गिटार पुन्हा पुन्हा वाजवून थरावर थर चढवले. बेसवादक म्हणून ज्याचं चित्र जगभर भिंतींवर लागलं त्या सिड व्हिशसला बेस धड येत नव्हता, म्हणून बहुतेक गाण्यांतला बेसही जोन्सनेच वाजवला. कान देऊन ऐकलं तर दिसतं की तो गिटारचा आवाज भिंतीसारखा भरीव आहे, कुठेही फट नाही. कच्चा माल असा नसतो. हे कसलेल्या कारागिराचं काम आहे, आणि तो कारागीर म्हणजे प्रोड्यूसर ख्रिस थॉमस. हे गृहस्थ त्याआधी काय करत होते? पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या मिक्सिंगवर देखरेख! पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर ‘मला तिटकारा आहे’ अशा अर्थाचे दोन शब्द खरडून तो अंगात मिरवायचा. या टी-शर्टची गोष्ट आक्षेपक मोठ्या प्रेमाने सांगतात. थॉमसची गोष्ट त्यांच्या कानावर आली नसावी.

अल्बम उत्तम आहे, यात वाद नाही. तो उत्तम आहे कारण तो मेहनतीने, पैसे ओतून, मोठ्या स्टुडिओत घडवलेला आहे.

कंपन्यांशी वाकड्याचं म्हणाल तर पिस्टल्सने वर्षभरात ईएमआय, ए अँड एम आणि व्हर्जिन अशा तीन कंपन्यांशी करार केले. पहिल्या दोघांनी त्यांना हाकललं आणि हाकलताना पैसे दिले. द क्लॅशने जानेवारी 1977 मध्ये सीबीएसबरोबर एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम निघायचा होता. 1978चा त्यांचा दुसरा अल्बम ‘गिव्ह एम इनफ रोप’ कुणी प्रोड्यूस केला? सँडी पर्लमनने, म्हणजे अमेरिकन हार्ड रॉक बँड ब्लू ऑयस्टर कल्टच्या कर्त्याधर्त्याने. पुढच्याच वर्षी त्याने ब्लॅक सॅबथचं व्यवस्थापन हाती घेतलं. सोवळं पाळायचं तर एवढा विटाळ झाल्यावर तबकडीला निदान अंघोळ तरी घालायला हवी.

न्यायाने बोलायचं तर रामोन्सचा पहिला अल्बम खरोखरच स्वस्तातला होता. 6,400 डॉलर, आठवडाभर, चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळं. पण खिसा रिकामा असण्याचा मक्ता पंककडे नव्हता. 1978 संपता संपता आयर्न मेडनने केंब्रिजच्या एका स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली. मूळ टेप विकत घ्यायला पैसे नव्हते. काही दिवसांनी ते परत गेले तोवर टेप पुसून टाकलेली. हाती उरलेल्या प्रतीवरून तीन गाण्यांची तबकडी त्यांनी 1979 साली स्वतःच छापली, पाच हजार प्रती, टपालाने विकण्यासाठी. डायमंड हेडने 1980 साली पहिला अल्बम स्वतः काढला, एक हजार प्रती, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, वर नावसुद्धा नाही. त्या वेष्टनातली गाणी ऐकून अमेरिकेत मेटालिका घडली. आणि मेटालिकाचा पहिला अल्बम ‘किल एम ऑल’ 1983 साली काढला तो न्यू जर्सीत जुन्या बाजारात तबकड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका जोडप्याने. मोठ्या कंपन्यांनी तेव्हा ढुंकून पाहिलं नव्हतं. आपलं आपण करण्याचा जो बाणा पंकच्या नावावर जमा केला जातो, त्याची थकबाकी इकडेही बरीच निघते.

हे सांगताना मेटलवाल्यांची जुनी भांडणंही आठवतात. कॅलिफोर्नियातल्या एका थोर बँडने 1991 साली काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम काढला. गाणी आखूड, चाल संथ, विक्री अफाट. त्या दिवसापासून तो बँड विकला गेला की मोठा झाला यावर मित्रांची मैत्री तुटलेली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अल्बमची पहिली बाजू थोर आहे आणि दुसरी भरताड आहे. हे मत दोन्ही पक्षांना सारखंच अमान्य असल्यामुळे ते बरोबर असावं. तसाच मूळ तबकडी की नव्याने मास्टर केलेली सीडी हा वाद. त्यात पडणाऱ्या माणसाकडे वेळ फार असतो.

मेटलमधलं तंत्राचं प्रदर्शन हा आक्षेपकांचा आणखी एक लाडका विषय. त्यांना ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याची बोटं दाखवावीत. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच हा. त्याने भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. 1971च्या ‘मास्टर ऑफ रिऑलिटी’त गिटारच खाली उतरवून घेतली, तारा सैल, आवाज खोल. जो जडपणा पुढे पन्नास वर्षं जगभरातल्या बँडनी उचलला, त्यात या तडजोडींचा मोठा वाटा आहे.

मग चांगलं कशाला म्हणायचं? लेखकाची कसोटी साधी आहे. गाण्यात रेटा आहे का, आणि अल्बम संपेपर्यंत तो टिकतो का. या कसोटीवर पहिल्या रांगेत येणारे अल्बम बहुतेक सरमिसळीचे निघतात.

मोटरहेडचा 1977चा पहिला अल्बम चिझिक या पंकला आसरा देणाऱ्या छोट्या कंपनीने काढला. सिंगलपुरता दोन दिवसांचा वेळ मिळाला होता, त्यात त्यांनी अल्बम उभा केला. त्यांचा लेमी द डॅम्ड या पंक बँडबरोबरही बेस वाजवायचा. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्जने 1982 साली पंकला इतका वेग आणि इतकं वजन दिलं की मेटलवाल्यांची झोप उडाली. मेटालिकाने पुढे त्यांची दोन गाणी वाजवली. स्लेअरचा जेफ हॅनमन हार्डकोर पंकचा भक्त होता. 1986च्या ‘रेन इन ब्लड’मध्ये ते कानाला लागतं. दहा गाणी, 29 मिनिटांच्या आत, उसंत नाही. कॅसेटच्या एका बाजूला सगळा अल्बम मावला, म्हणून दुसऱ्या बाजूलाही तोच भरला. वाहतूक उलट दिशेनेही झाली. ब्लॅक फ्लॅगच्या 1984च्या ‘माय वॉर’ची दुसरी बाजू म्हणजे सहा-सहा मिनिटांहून लांब तीन गाणी, सॅबथच्या चालीने सरपटणारी. पंकमधल्या सोवळ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. आपल्याकडे मुंबईच्या स्क्राइबने हार्डकोर आणि मेटल एकाच ताटात कालवलं आणि वर 2010च्या अल्बमला ‘मार्क ऑफ तेजा’ असं नाव दिलं.

आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस पंकच्या नावाने बोटं मोडतो, हे खरं. आक्षेपकांना तो पुरावा वाटावा. मेडनच्या पहिल्या दोन अल्बममधला पॉल डिआनोचा खरखरीत आवाज ऐकणाऱ्याला तो तितका भक्कम वाटत नाही. अठराव्या वर्षी मेटल सोडण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र हॅरिसच्याच बँडचं उदाहरण द्यावं. 1 फेब्रुवारी 2008 रोजी मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. त्यासाठी लंडनहून आलेलं बोइंग 757 बँडचा गायक ब्रूस डिकिन्सनने स्वतः चालवत आणलं. तेव्हा त्याने पन्नाशी गाठत आणली होती.

उरला नेपाम डेथचा 1987चा ‘स्कम’. दोन बाजूंना दोन वेगळे संच, दोन्हींत सामाईक फक्त ड्रमर मिक हॅरिस. बर्मिंगहॅममध्ये झालेल्या पहिल्या बाजूचा खर्च पन्नास पौंड. त्यात ‘यू सफर’ नावाचं गाणं आहे, 1.316 सेकंदांचं, जगातलं सर्वांत छोटं म्हणून नोंदलेलं. हा पंक अल्बम की मेटल, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. आक्षेपकांनी एका संध्याकाळी डिस्चार्जचा 1982चा ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ आणि मग ‘रेन इन ब्लड’ सलग ऐकावा. दोन्ही मिळून तासाभराच्या आत आटोपतात. उरलेल्या मिनिटांत ‘यू सफर’ शंभरेक वेळा सहज वाजवून होईल, तेवढ्यात त्यांनी त्याच्यापुरता तरी निकाल लावून टाकावा.