दुष्काळाचे श्रेय एकट्या आभाळाला नको

मराठवाड्याच्या कथेत दुष्काळ बहुधा वरून येतो. आभाळ फिरते, माणूस हतबल होतो. हे वाचन आता अपुरे ठरते, असे आम्ही म्हणतो. आणि पुरावा परभणीच्या शेजारचाच देतो. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद पडले, २०१५ मध्ये पुन्हा. कोळसा जाळून वीज करायची, त्या धुराने हवा तापायची. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. म्हणून पाऊस आला की कोसळतो, आणि दोन पावसांमधले ऊन रान अधिक वेगाने सुकवते. मग विहिरीवरची मोटार जास्त वेळ चालवावी लागते. तिला वीज हवी, आणि विजेला पुन्हा कोळसा व पाणी!

जनाबाईंच्या गंगाखेडची गोदावरीही आता निव्वळ पावसाची राहिलेली नाही. पैठणला जायकवाडीत ती अडते, डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यात येते. तिथे उसाची तहान मोठी. कालव्यापलीकडच्या कोरडवाहू तुरीला, ज्वारीला त्यातला थेंबही नाही. ऊस लावणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्या पिकाला गिऱ्हाईक ठरलेले आहे, ते त्याने सोडावे तरी का?

परंतु वर्गात दुष्काळाची कथा शिकवताना 'नियती' हा शब्द आपण फार सहज उच्चारतो (आम्हीही उच्चारला आहे). कथेतल्या विहिरीचे पाणी कोणी, कोणत्या पिकासाठी उपसले, असे एखादा विद्यार्थी विचारतो, तेव्हा हा भूगोलाचा विषय आहे, असे सांगून त्याला खाली बसवले जाते.