हाताने लिहिलेलं नाव

पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला मी एकदा टेबलावर होतो. तिथे मशीन नसतं. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने नावासमोर पसंतीक्रमाचा आकडा घालायचा, बस्स. कुणी आकड्याऐवजी बरोबरची खूण केलेली, ते मत बाद. एका पत्रिकेवर सुवाच्य, वळणदार अक्षरात ‘एक’ लिहिलेलं होतं. आकड्यात नाही म्हणून तेही बाद. त्या मतदाराला कोण हवा होता हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळत होतं. ती पत्रिका बाद गठ्ठ्यात ठेवताना हात जड झाला.

तिकीटवाटप झालं, बंडखोरीच्या बातम्या सुरू झाल्या, की मला ते ‘एक’ आठवतं आणि त्याच्या मागोमाग अलास्का.

अमेरिकेत तिकीट हायकमांड देत नाही. पक्षाच्या उमेदवारीसाठीच आधी मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. २०१० मध्ये अलास्काच्या विद्यमान सिनेटर लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन प्रायमरीत जो मिलर या नवख्या उमेदवाराकडून २,००६ मतांनी हरल्या. मिलर यांच्यामागे टी पार्टी या उजव्या चळवळीची लाट होती, राज्याच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन होत्या. आठवड्याभराने मर्कोव्स्कींनी हार मान्यही केली. आणि १७ सप्टेंबरला जाहीर केलं, मी लढणार.

पक्ष मिलर यांच्यामागे गेला होता. मतपत्रिकेवर नाव छापून येण्याची मुदत टळून गेली होती. वाट एकच उरली : मतदाराने रिकाम्या ओळीत स्वतःच्या हाताने त्यांचं नाव लिहायचं आणि शेजारचा लंबगोल भरायचा. १९५४ मधल्या स्ट्रॉम थर्मंड यांच्यानंतर अशा मार्गाने सिनेटची निवडणूक कुणीही जिंकली नव्हती. त्यातून आडनाव इंग्रजीत नऊ अक्षरांचं, नुसतं ऐकून लिहायला गेलं तर हमखास चुकणारं. म्हणून प्रचारात नाव छापलेले मनगटी पट्टे वाटले गेले, स्पेलिंग पाठ करून घेणाऱ्या जाहिराती झाल्या.

इथे एक गोष्ट मला टोचते. मर्कोव्स्कींना कुणी बंद दाराआड डावललं नव्हतं, मतदारांनीच हरवलं होतं. हार मान्य करून पुन्हा उभं राहणं म्हणजे शब्द फिरवणंच. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याचं नाव त्याच निवडणुकीत छापील पत्रिकेवर येऊ नये अशी कायद्यानेच तजवीज असते. तरीही मी त्यांच्या बाजूने आहे. त्या प्रायमरीत दोघांची मिळून एक लाख दहा हजारही मतं नव्हती. डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्याला तर तिथे मतच नव्हतं. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत अडीच लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं, आणि सिनेटर त्या सगळ्यांची असते. शेवटचा शब्द त्यांचा.

आपल्याकडे तर तेवढी प्रायमरीही नाही. पाच वर्षं मतदारसंघात राबलेल्या आमदाराचं तिकीट रात्रीतून कापलं जातं, सकाळी यादी टीव्हीवर झळकते. मंत्रिपदाच्या सौद्यासाठी अर्ज भरून माघारीच्या दिवशी गायब होणारे मीही पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण शेवटपर्यंत मैदानात राहणाऱ्या अपक्षाला कुणी गद्दार म्हटलं की मला राग येतो. पक्षाने यादीतून पुसलेलं नाव तो लोकांपुढे ठेवतो, यात गद्दारी कसली?

तिकडे अलास्कातल्या जुनो शहरात मोजणी सुरू झाली तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं एकेका पत्रिकेवर वाकून बसली होती. एखादं अक्षर गाळलेलं, एखादं जास्तीचं, कुठे नुसतं गिचमिड. मिलर यांच्या माणसांनी आठ हजारांवर मतांना हरकत घेतली. ती सगळी वगळली तरी मर्कोव्स्की दोनेक हजारांनी पुढेच होत्या, धरली तर दहा हजारांनी. मिलर कोर्टात गेले : स्पेलिंग तंतोतंत हवं. युपिक, इनुपियाक या मूळनिवासींच्या भाषा बोलणारी गावं ज्या राज्यात आहेत, तिथे ही मागणी मला निष्ठुर वाटते. २२ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मतदाराचा हेतू कळत असेल, तर अक्षर चुकलं म्हणून मत बाद होत नाही.

३० डिसेंबरला विजयावर शिक्कामोर्तब झालं. आमच्या टेबलावरचं ते ‘एक’ मात्र बाद गठ्ठ्यातच राहिलं.