हरलेल्या संघाच्या बाजूने

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय फुटबॉलवर आहे. कुणी नाक मुरडेल. म्हणेल, इकडे वस्त्या पेटतात, शिष्यवृत्त्या अडकतात, आणि हे चेंडूवर लिहीत बसलेत. लिहितो, कारण चेंडूच्या निमित्तानं जे बोललं गेलं ते चेंडूबद्दल नव्हतं. ते आपल्याबद्दल होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजचा संघ यंदा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत सपाटून हरला. कॉलेजचं नाव घेत नाही. नाव बदललं तरी हकिकत फारशी बदलणार नाही. माझा धाकटा भाऊ त्या संघात हाफबॅक. एक सामना जिंकला नाही. एका सामन्यात सहा गोल खाल्ले. परत आल्यावर वरचे साहेब म्हणाले, "या पोट्ट्यांत दमच नाही. पुढच्या वर्षी संघ बंद." आणि बाजूच्या खुर्चीतून दुसरा आवाज आला, "आता खेळातही सवलत मागतील."

म्हणजे बघा. संघ जिंकला असता तर कॉलेज जिंकलं असतं. फोटोत संचालक मधोमध बसले असते. हरला तर जात हरली. हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

संघात पोरं कोण? बौद्धवाड्यातली चार, मातंग समाजाची दोन, तांड्यावरचे बंजारा, एक कोलाम पोड्यावरचा, दोन मोहल्ल्यातले. सगळ्यांचे मायबाप दुसऱ्याच्या वावरात. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे बोंडं फुटली की वेचणी सुरू होते, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितके हात तितके किलो. सामन्यांचे दिवसही नेमके तेच. सहा गोलांच्या त्या सामन्याला आपली नऊच पोरं मैदानात होती. उरलेली कुठं होती? माय आजारी म्हणून एक वावरात, दुसऱ्याच्या घरी सावकार येऊन बसलेला. नऊ जण अकरांशी नव्वद मिनिटं खेळले. याला दम नाही म्हणायचं?

बुटांचे जोड सात. मध्यंतरात पायातले बूट उतरवून दुसऱ्याला द्यायचे. नंबर जुळला तर ठीक, नाहीतर बोटं आत वळवून खेळायचं. प्रवासभत्ता सामना झाल्यावर, बिलं दाखवल्यावर. म्हणून रात्रीची एसटी, स्टँडवर चहा-बिस्किट, आणि सकाळी मैदानात. कॉलेजचं मैदान लग्नसराईत मांडवाला भाड्यानं जातं. तिथं सरावाला गेलं की पायात खिळे घुसतात.

मी गोदीत ओझी उचलतो. टोळीत दोन गडी कमी असले तर जहाज खाली व्हायला वेळ लागतो. मुकादम शिव्या देतो, पण गडी मोजून देतो. मुकादमाला जेवढं गणित येतं तेवढं या पदवीधर साहेबांना येत नाही? येतं. पण मोजायचंच नाही. मोजलं तर आपल्या खिशापर्यंत बोट येतं.

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या माणसाकडून घेतलं. तिकडे १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली, इकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर. पण त्याच देशात पँथर नावाचा एक कॉलेजचा फुटबॉल संघही आहे. टेक्सास राज्यातल्या प्रेअरी व्ह्यू कॉलेजचा. त्यांचा फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू हातात धरून धडका देत पळायचा. पण हरण्याची गोष्ट आपलीच आहे.

हे कॉलेज १८७६ साली काळ्यांसाठी काढलं, कारण गोऱ्यांच्या कॉलेजात त्यांना दार बंद होतं. जागा कसली? जिथं पूर्वी गुलाम राबवले जात त्या मळ्याची. या कॉलेजच्या संघानं १९५३ ते १९६४ या काळात काळ्या कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. मग गोऱ्यांच्या विद्यापीठांनी दारं उघडली आणि धडधाकट खेळाडू तेवढे वेचून नेले. पुढे पैशाचे घोळ झाले, १९९० साली संघच बंद ठेवला. १९९१ साली पुन्हा मैदानात उतरवला, पण खेळाडूंची शिष्यवृत्ती काढून घेऊन. त्या वर्षी अकरा सामने, अकरा पराभव. केलेले गुण ४८, खाल्लेले ६१७. १९८९ पासून १९९८ पर्यंत ओळीनं ८० सामने हरले. सगळा देश हसला.

पण पोरं उतरत राहिली. फी स्वतःची, दुखणं स्वतःचं. आणि कॉलेजचा बँड वाजत राहिला. २६ सप्टेंबर १९९८ ला त्यांनी लँगस्टन विद्यापीठाला १४-१२ नं हरवलं. २००९ साली हाच संघ आपल्या गटाचा विजेता झाला. ऐंशी पराभवांत कुणी कुलूप लावलं असतं तर २००९ उगवलं असतं काय?

इतकं लांब कशाला, आपल्या विदर्भातलंच घ्या. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांचे सामने भरवले. त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं, आणि वस्तीतली पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २०२२ साली नागराज मंजुळेंनी त्यावर 'झुंड' काढला. आपण शिट्ट्या मारल्या, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं अमिताभ बच्चन हात जोडतो ते बघून डोळे पुसले. चांगलं केलं. पण थिएटरातून बाहेर पडल्यावर आपल्या तालुक्याच्या मैदानावर किती जण गेलो?

एक गोष्ट ध्यानात धरा. अनुसूचित जातींच्या पोरांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. ती शिष्यवृत्ती "आधी पहिले येऊन दाखवा, मग देऊ" अशी नव्हती. आधी वही, आधी खाणावळ, मग परीक्षा. बुटांना आणि भाकरीला दुसरा नियम कशासाठी?

आणि हे फक्त साहेबांना नाही. आपल्या वस्तीतही हरून आलेल्या पोरांना टिंगल ऐकावी लागते. "सहा खाऊन आले लेकाचे." अरे, ज्यांनी हजारो वर्षं आपल्याला मैदानाच्या कडेलाही उभं राहू दिलं नाही, त्यांचंच हसू आपल्या तोंडात कसं आलं? जिंकणारा एक पोरगा डोक्यावर घ्यायचा आणि हरणारे दहा विसरायचे, ही चळवळ नव्हे.

म्हणून मागणं साधं आहे. संघ बंद करायचा नाही. भत्ता सामन्याच्या आधी हातात द्यायचा. अकरा पोरांना अकरा जोड. मैदान मांडवाला द्यायचं असेल तर खिळे वेचूनच परत घ्यायचं. आणि सामन्यांच्या दिवसांत वेचणीची मजुरी बुडते तेवढी भरून द्यायची, कारण रिकाम्या घरातलं पोरगं मैदानात येणार नाही, आलं तरी त्याचं मन वावरात राहील. पोरींचाही संघ काढायचा. त्यांच्या वाट्याला तर हरणंसुद्धा आलेलं नाही.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, जिथं असाल तिथल्या कॉलेजात हे लेखी द्या. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर दहा जण मिळून पुन्हा जा.

पोरं पुढच्या वर्षी परत हरतील कदाचित. हरू द्या. पण अकराच्या अकरा हरू द्या, पायात बूट घालून, पोटभर जेवून. मग बोलू कुणात किती दम आहे ते.