गृहशिक्षणाचा खरा जमाखर्च

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याच्या व्यवस्थेला गृहशिक्षण म्हणतात, आणि हा खुशालचेंडू मंडळींचा छंद आहे असा समज आपल्याकडे असला, तरी खासगी शाळांच्या शुल्कापुढे हात टेकलेल्या बेताच्या मिळकतीच्या पालकांच्या मनातही तो विचार अधूनमधून डोकावतो. असे पालक खर्चाचा अंदाज घेताना बहुधा पुस्तके, वह्या, खेळणी आणि शैक्षणिक संच यांची यादी करायला बसतात. वास्तविक, या सगळ्या हिशेबात सर्वांत स्वस्त बाब असेल तर ती हीच.

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच उपलब्ध आहेत. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचे अरविंद गुप्ता यांचे साहित्य मराठीतही मोफत वाचता येते, आणि गावातील सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी आजही एखाद्या नाटकाच्या तिकिटापेक्षा कमीच भरते. साहित्यावाचून शिक्षण अडत नाही, हे तर महाराष्ट्राने फार पूर्वीच पाहिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची, म्हणजे मुलाने स्वतः हाताळून शिकावे यासाठी घडवलेली, महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती यांतूनच मोजणी, वर्गीकरण व रंगओळख शिकवणारी साधने तयार केली, आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणातच शाळा भरवली. या प्रयोगाचा दाखला स्वस्त शिक्षणाचा नमुना म्हणून वारंवार दिला जातो, परंतु त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: साधने फुकट होती, पण त्यांच्यामागे दोन असामान्य शिक्षिकांची सबंध आयुष्ये खर्ची पडली होती.

गृहशिक्षणाचा खरा खर्च असा वेळेत असतो. एक पर्याय निवडताना जो दुसरा सोडून द्यावा लागतो, त्याच्या किमतीला अर्थशास्त्रात संधित्याग खर्च म्हणतात. घरी शिकवणाऱ्या पालकाने सोडलेला पगार किंवा बंद ठेवलेला शिवणकामाचा, डबे पुरवण्याचा धंदा हा त्याचाच प्रकार होय, आणि हा त्याग बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला येत असल्यामुळे तो खर्च म्हणून वहीत मांडलाच जात नाही. ‘घरी शिकवले म्हणून एवढे शुल्क वाचले’ असे सांगणारा हिशेब म्हणूनच अर्धाच असतो. दोन-तीन शेजारी कुटुंबांनी मिळून एकाने गणित, दुसऱ्याने भाषा असे दिवस वाटून घेतले, तर हा भार हलका होतो आणि मुलांना सवंगडीही मिळतात. परंतु त्यासाठी लागणारी सवड रोजंदारीवर जगणाऱ्या घरात क्वचितच असते.

याशिवाय, मूल कोणत्या शाळेतून काढले जाते यावरही गणित फिरते. खासगी शाळा सोडणाऱ्या कुटुंबाचे शुल्क, गणवेश आणि बसचे पैसे वाचतात. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा सोडणाऱ्याचे मात्र वाचत काहीच नाही, उलट हातचे जाते: मोफत पाठ्यपुस्तके, शाळेतली आरोग्य तपासणी, एसटीचा विद्यार्थी पास, शिष्यवृत्ती परीक्षेला बसण्याची वाट, आणि प्राथमिक वर्गांतील मुलामागे रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने देण्याचा निकष असलेले दुपारचे जेवण. सरकारी शाळेत मूल असलेल्या गरीब कुटुंबाला काटकसरीचा उपाय म्हणून गृहशिक्षण सुचवणे हे, स्पष्टच बोलायचे तर, चुकीचे आहे.

कायद्याची स्थिती संदिग्ध आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरते, परंतु ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र कायद्यात सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाचा त्यात उल्लेखच नाही. परीक्षेसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा एक मार्ग आहे. तेथे दहावीचे विषय पाच वर्षांच्या मुदतीत थोडे थोडे करून सोडवता येत असल्याने परीक्षा शुल्काचा बोजाही विभागला जातो. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देण्यासाठी भरायचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ हा दुसरा मार्ग होय. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, म्हणून शाळेतून नाव काढताना तो मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

प्रयोग फसला किंवा घराची मिळकत आटली, तर परतीची वाट मोकळी आहे: याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, आणि सरकारी शाळेत त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही.