राज्यशास्त्र 12 गुणांचे, नागरिकत्व आयुष्यभराचे. शाळेत नेमके कुठे अडते?

निवडणूक आली की शाळेला सुट्टी मिळते. दहावीच्या वर्गातले बाक बाजूला सरकतात, मतदान यंत्र येते आणि शिकवणारे सर निवडणूक ड्युटीवर दुसऱ्या केंद्राकडे रवाना होतात. दोन दिवसांनी वर्ग पुन्हा भरतो आणि ‘निवडणूक प्रक्रिया’ या धड्याखालचा स्वाध्याय फळ्यावर उतरतो. लोकशाही वर्गात येऊन गेलेली असते. त्या दिवशी विद्यार्थी तेवढे घरी असतात.

पुस्तकात काय आहे?

राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधानाची ओळख आणि आठवीला संसदीय शासनपद्धती येते. नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने अशी पाच प्रकरणे आहेत.

म्हणजे आशय कमी नाही. अडचण क्रमाची आणि परीक्षेची आहे. ग्रामपंचायत आणि नगरपालिका हा रोजच्या कामाचा भाग अकरा-बारा वर्षांच्या वयातच संपतो. दहावीच्या 40 गुणांच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरात राज्यशास्त्राला 12 गुण आहेत. मग पोर्शन संपवण्याच्या घाईत ही प्रकरणे पाठ करायच्या उत्तरांपुरती उरतात.

दहावीच का महत्त्वाची?

अकरावीला विज्ञान घेतलेला किंवा आयटीआयला गेलेला विद्यार्थी राज्यशास्त्राचे पुस्तक सहसा पुन्हा उघडत नाही. दुसरीकडे, निवडणूक आयोगाने 2022 मध्ये दिलेल्या सोयीनुसार 17 वर्षे पूर्ण होताच मतदार नोंदणीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. दहावी सुटल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षांतच ‘नमुना 6’ भरण्याची वेळ येते. तो कसा दिसतो, हे मात्र वर्गात दाखवले जात नाही. अनेक ठिकाणी हाच फॉर्म घेऊन घरोघरी फिरणारे बीएलओ शिक्षकच असतात!

काय करता येईल?

नवे पुस्तक लागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये ‘नागरिक’ एवढाच शब्द आहे, वयाची अट नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला, एवढा एक प्रश्न वर्गाने मिळून विचारावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. नेमके लिहिण्याचा यापेक्षा चांगला सराव कोणता? मुदतीत उत्तर आले नाही, तर पहिले अपील हा पुढचा धडा.

गावातल्या शाळांनी ग्रामसभा दाखवावी. मुलांना तिथे मत नसेल, पण पाण्याच्या टाकीवरून कोण काय बोलते आणि ठराव कसा होतो, हे तरी दिसेल.

‘शाळेत राजकारण नको’ म्हणजे?

शिक्षक कचरतात ते इथे, आणि त्यांची भीती खोटी नाही. एखाद्या पालकाची तक्रार आली तर मागे कोण उभे राहणार? म्हणून हा उपक्रम एकट्या शिक्षकाच्या हौसेवर सोडता कामा नये. शिक्षण विभागाने त्याला लेखी मान्यता द्यावी आणि अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत. कोणाला मत द्यायचे, हे शाळेने सांगू नये. पण रस्त्याचा हिशोब मागणे हे पक्षाचे काम नाही, नागरिकाचे आहे. ते पंधराव्या वर्षी शिकवले नाही, तर अठराव्या वर्षी अपेक्षा कशी करायची?